वाळ्याचे पंखे, लॅव्हेंडर आणि प्रदर्शनाचा मांडव : हस्तवस्तूंच्या विक्रीचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दिवाळीच्या तोंडावर किंवा संक्रांतीच्या आसपास महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी एखादे मैदान वा मंगल कार्यालय महिला बचत गटांच्या दालनांनी गजबजून जाते. पापड, लोणची, गोधड्या, बांबूच्या टोपल्या यांच्या शेजारी अलीकडे हाताने बनविलेले सुगंधी साबण, मेणबत्त्या आणि लॅव्हेंडरच्या वाळलेल्या फुलांच्या पुरचुंड्याही मांडलेल्या दिसतात. प्रवेशद्वारावरील फलकावर ‘प्रदर्शन व विक्री’ असे शब्द असतात. ही शब्दांची जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की प्रदर्शन आणि विक्री या मुळात दोन वेगळ्या, किंबहुना एकेकाळी परस्परविरोधी मानल्या गेलेल्या गोष्टी होत्या, याचे भान सहसा राहत नाही.

जत्रा आणि आठवडी बाजार यांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. तेथे कुंभार स्वतःची मडकी व बुरूड स्वतःच्या सुपल्या घेऊन बसत असे. घासाघीस होई, उधारी चाले, धान्याच्या मोबदल्यात वस्तू दिली जाई. वस्तू करणारा आणि विकणारा यांच्यात अंतर नव्हते. प्रदर्शन ही संस्था मात्र एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली आणि तिने येताना हे अंतर सोबत आणले. ते अंतर कसे निर्माण झाले, पश्चिम भारतात ते भरून काढण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि हस्तवस्तूची किंमत ठरविण्याचा अधिकार अखेर कोणाच्या हाती राहिला, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

किंमत नसलेल्या वस्तू : लंडन, १८५१

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील काचेच्या प्रचंड इमारतीत महाप्रदर्शनाचे उद्घाटन झाले. १५ ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या या प्रदर्शनास ६० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. संयोजकांचा एक नियम आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. मांडलेल्या वस्तूंवर किंमत लिहिण्यास मनाई होती. उद्योगाची प्रगती पाहावी, तुलना करावी, अभिरुची सुधारावी, हा हेतू. मोलभाव केल्यास त्याचा बाजार होईल, ही भीती. प्रवेशाला मात्र दर होता. मे महिन्याच्या अखेरीपासून आठवड्यातील काही दिवस तो एक शिलिंगवर आणण्यात आला आणि कामगारवर्गाचे लोंढे लोटले. प्रदर्शन संपले तेव्हा सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक उरली होती. पाहणे ही विकाऊ गोष्ट ठरली होती. वस्तू बनविण्याचे मोल मात्र दृष्टीआड होते.

हिंदुस्थानच्या दालनाची मांडणी ईस्ट इंडिया कंपनीने केली होती. वस्तू निरनिराळ्या इलाख्यांतून गोळा करण्यात आल्या, काही संस्थानिकांनी पाठविल्या. सूचीपत्रात प्रदर्शक म्हणून मुख्यतः कंपनीचे नाव होते. मखमलीवरील जरीकाम कोणी केले, हस्तिदंत कोणी कोरले, हे नोंदण्याची गरज कोणास भासली नाही. या दालनाने युरोपीय कलासमीक्षकांना भारावून टाकले, हे खरेच. ओवेन जोन्स यांच्या १८५६ च्या अलंकरणविषयक ग्रंथात हिंदुस्थानी नक्षीला मानाचे स्थान मिळाले. परंतु या कौतुकाचा धनी नक्षी होती, नक्षीकार नव्हता.

त्याच काळात लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यातील मिचम हे गाव लॅव्हेंडरच्या शेतीसाठी प्रसिद्ध होते. तेथील अर्काच्या व्यवसायाचे मूळ अठराव्या शतकापर्यंत जाते. पॉटर अँड मूर या पेढीची स्थापना १७४९ सालची सांगितली जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस फुले कापून, भट्टीवर वाफेने त्यांचे तेल काढले जाई आणि ते शहरातील अत्तरविक्रेत्यांकडे जाई. या तेलाच्या बाटलीवर पेढीचे नाव असे. दुसरीकडे ताज्या लॅव्हेंडरच्या जुड्या बांधून लंडनच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या बायकांची आरोळी त्या शहराच्या ओळखीच्या हाकांपैकी एक होती. हेन्री मेह्यू यांनी लंडनमधील श्रमिकांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात रस्त्यावर फुले विकणाऱ्या अनाथ मुलींच्या दैन्याचे तपशील येतात. त्या ग्रंथाचा आरंभीचा भाग नेमका १८५१ चाच आहे. एकाच शहरात, एकाच वर्षी, काचेच्या महालात किंमत न सांगता वस्तू मांडल्या जात होत्या आणि रस्त्यावर एका पेनीसाठी दिवसभर ओरडावे लागत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनची वस्ती मिचमपर्यंत पसरली, जमिनीचे भाव चढले आणि लॅव्हेंडरची शेते घरांखाली गेली.

मुंबई इलाखा : संग्रहालय आणि गॅझेटिअर

मुंबईतील आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे प्रदर्शनाचेच अपत्य आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इलाख्यातून वस्तू गोळा करताना मुंबईत मध्यवर्ती संग्रहालयाची कल्पना रुजली. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट यांच्या प्रयत्नांतून ती वाढली आणि १८७२ साली भायखळ्याच्या इमारतीत संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. बर्डवुड यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील ग्रंथ १८८० चा. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयक दहावा खंड प्रसिद्ध झाला.

सावंतवाडीच्या हस्तव्यवसायांत लाखकामाची खेळणी, गंजिफा यांच्याबरोबर एक सुगंधी हस्तकला होती. वाळ्याच्या मुळ्यांचे पंखे आणि टोपल्या बनवून त्यांवर जर, रेशीम व भुंग्यांचे चकचकीत हिरवे पंख बसविले जात. लॅव्हेंडर थंड हवेचे पीक; वाळा आपल्या उष्ण प्रदेशाचा. दोहोंचे काम मात्र सारखे, म्हणजे वस्त्रांना व खोलीला सुवास देणे. पाणी शिंपडलेला वाळ्याचा पंखा उन्हाळ्यात गारवा आणि गंध एकदमच देतो. अशा वस्तू साहेबांच्या घरी भेट म्हणून जात आणि प्रदर्शनांतही मांडल्या जात.

गॅझेटिअरच्या खंडांतील कारागिरांची वर्णने वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. जातीचे नाव, हत्यारे, कच्च्या मालाचा दर, पुरुषाची रोजची कमाई हे सारे दिले जाते आणि मग त्यांच्या बायका कामात मदत करतात, असे एक वाक्य येते. जात बदलते, तालुका बदलतो, ते वाक्य जवळजवळ तसेच राहते. सूत उकलणे, रंग घोटणे, विणणे, गुंफणे ही सगळी कामे ‘मदत’ या एका शब्दात मावली. शासकीय नोंदीतील या शब्दाचे परिणाम दूरवर गेले, कारण ज्या श्रमाला मदत म्हटले त्याला दर लावण्याचा प्रश्नच उरला नाही.

कारागीर हीच प्रदर्शनीय वस्तू

१८८५ च्या हिवाळ्यात लिबर्टी या लंडनच्या व्यापारी पेढीने बॅटरसी येथे हिंदुस्थानी कारागिरांचे ‘गाव’ उभे केले. थंडीने कारागीर हैराण झाले व प्रयोग फसला. पुढच्याच वर्षी, ४ मे १८८६ रोजी, दक्षिण केन्सिंग्टन येथे वसाहती व हिंदुस्थान यांचे भव्य प्रदर्शन सुरू झाले. तेथे प्रेक्षकांसमोर काम करण्यासाठी तीसहून अधिक कारागीर बसविण्यात आले होते. परंपरेने पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या ग्रामीण कलेचे हे वाहक, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. त्यांची निवड आग्रा येथील मध्यवर्ती तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर यांनी केली होती, आणि त्यांतील अनेकांनी आपले कसब तुरुंगाच्या कारखान्यात आत्मसात केले होते. व्हिक्टोरिया राणीने यांपैकी काहींची चित्रे रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून काढून घेतली. बक्षीराम नावाच्या वृद्ध कुंभाराचे चित्र राजसंग्रहात आहे.

कारागिराला प्रथमच नाव आणि चेहरा लाभला, तो असा. वस्तूबरोबर तिचा कर्ताही मांडला गेला खरा, पण विक्रेता म्हणून नव्हे. आजच्या हस्तकला मेळ्यांत चाक फिरवून दाखविणारा कुंभार किंवा भिंत रंगविणारी वारली चित्रकार ‘प्रात्यक्षिक’ या सदरात बसविली जाते, तेव्हा या १८८६ च्या मांडणीची सावली तिच्यावर पडलेली असते.

पुणे ते मुंबई : स्वदेशीचा मांडव

देशी वस्तूंच्या पुरस्काराची कल्पना मराठी समाजात लोकहितवादींच्या शतपत्रांपासून दिसते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काकांनी ती १८७० च्या दशकात आचरणात आणली. प्रदर्शनाच्या साधनाचा देशी पुढाऱ्यांनी केलेला उपयोग मात्र १८८८ च्या पुणे औद्योगिक प्रदर्शनात ठळक होतो. महादेव बल्लाळ नामजोशी हे त्यामागील उत्साही कार्यकर्ते होते. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तेथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी देशाचे वाढते ग्रामीणीकरण, म्हणजे कारागीर उद्योगातून फेकला जाऊन शेतीवर लोटला जाणे, हा प्रश्न ऐरणीवर आणला. रानड्यांच्या दृष्टीने प्रदर्शन हे भांडवल, तंत्रज्ञान व संघटन यांच्या विचाराचे निमित्त होते. हाताने करण्याच्या वस्तूंचे भावुक कौतुक त्यांच्या लेखनात फारसे आढळत नाही. ते त्या काळाला साजेसे होते, परंतु त्यामुळे हातमागाच्या व घरगुती कामाच्या बाजाराचा स्वतंत्र विचार मागे पडला, हेही नमूद करणे भाग आहे.

पुढे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना औद्योगिक प्रदर्शने जोडली गेली : १९०१ मध्ये कलकत्ता, १९०२ मध्ये अहमदाबाद, जेथे सयाजीराव गायकवाडांनी उद्घाटन केले, १९०४ मध्ये मुंबई. १९०६ साली मुंबईत स्वदेशी सहकारी भांडार निघाले आणि प्रदर्शनात पाहिलेली देशी वस्तू वर्षभर विकत मिळण्याची सोय झाली. प्रदर्शन व विक्री यांची गाठ पडली ती येथे. किंमत सांगणे आता हलकेपणाचे नव्हते. देशी वस्तू दोन पैसे महाग असली तरी घेणे हे व्रत ठरले. हा बदल सामान्य नव्हे. तथापि त्या दोन पैशांतील किती अंश विणणाऱ्याच्या घरी पोचला, हा प्रश्न स्वदेशीच्या व्यासपीठावरून क्वचितच विचारला गेला.

‘फावला वेळ’ नावाचा हिशेब

डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईतच रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद भरली. १९०९ साली त्यांनी व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदनाचे कार्य उभे केले. तत्पूर्वी पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास व नंतर केडगावला गेले होते. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. या संस्थांतून शिक्षणाबरोबर शिवण, विणकाम, भरतकाम अशा कामांना स्थान मिळाले, कारण विधवेला चार पैसे मिळविता येणे हा तेथे जगण्याचा प्रश्न होता. मध्यमवर्गीय घराबाहेर न पडता करता येणारे हे काम समाजालाही सोसवत होते.

येथेच एक पेच निर्माण झाला. घरात बसून, घरकाम उरकून केलेले काम हे ‘फावल्या वेळातील’ मानले गेले. हातरुमालावरील फुलांना लागलेले तास मोजण्याऐवजी ती वस्तू घेणे हे दानधर्माचे कृत्य समजले जाऊ लागले. गिऱ्हाईक वस्तूची किंमत देण्याऐवजी देणगी देऊ लागले आणि देणगीत घासाघीस नसली तरी हक्कही नसतो. हा पेच केवळ महाराष्ट्राचा नव्हता. आंध्रच्या गोदावरी खोऱ्यातील नरसापूरची लेस मिशनऱ्यांमार्फत एकोणिसाव्या शतकात सुरू झाली व जगभर गेली. मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की ती विणणाऱ्या हजारो स्त्रिया कामगार मानल्याच गेल्या नाहीत. त्या गृहिणी ठरल्या, आणि म्हणून त्यांची मजुरी निर्वाहापेक्षा कितीही खाली गेली तरी व्यवस्थेला अडचण झाली नाही. गॅझेटिअरमधील ‘मदत’ आणि या धंद्यातील ‘फावला वेळ’ ही एकाच विचाराची दोन रूपे होत.

फैजपूर, १९३६

या प्रश्नाला थेट हात घातला गेला तो १९३० च्या दशकात. १९३४ च्या मुंबई अधिवेशनात राष्ट्रीय सभेच्या प्रदर्शनांची जबाबदारी अखिल भारतीय चरखा संघ व नव्याने स्थापन होणाऱ्या ग्रामोद्योग संघाकडे सोपविण्याचे ठरले. प्रदर्शनाचा तमाशा होऊ नये, हा त्यामागील विचार. ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते व जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते.

१९३५ मध्ये गांधींनी एक अडचणीचा मुद्दा उपस्थित केला. खादी स्वस्त ठेवण्यासाठी सूत कातणाऱ्या बाईला तुटपुंजी मजुरी देणे हे शोषणच नव्हे काय? आठ तासांच्या कामास आठ आणे हे उद्दिष्ट त्यांनी सुचविले. चरखा संघाने प्रत्यक्षात स्वीकारलेले दर त्याहून बरेच कमी होते, तरीही निर्वाहमजुरीचे तत्त्व मान्य झाले आणि दर वाढविण्यात आले. खादी महागेल, खप घटेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखविली. ती निराधारही नव्हती. परंतु हस्तवस्तूची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशाऐवजी कर्तीच्या तासांवरून मोजण्याचा हा आपल्याकडील पहिला संघटित प्रयत्न होय. वस्तू कितीला विकली जाईल, असे आधी न विचारता ती करणारी बाई कितीत जगेल, असे विचारले गेले. या लेखातील सर्व घटनांमध्ये या निर्णयाचे महत्त्व सर्वाधिक आहे, आणि प्रदर्शनांच्या इतिहासात त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबू व परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून नगराची सजावट केली. ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधींनी केले. लंडनच्या काचमहालाच्या तुलनेत हा बांबूचा मांडव सर्वार्थाने वेगळा होता. येथे यंत्राची भव्यता दिपवीत नव्हती. कागद कसा करावा, तेल कसे गाळावे हे पाहून शेतकऱ्याने घरी जाऊन करावे, अशी अपेक्षा होती. १९३८ च्या अखेरीस वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले, तेही याच धर्तीचे.

स्वातंत्र्यानंतर

१९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले व कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. १९५७ पासून खादी व ग्रामोद्योग आयोग काम करू लागला. शासकीय विक्रीकेंद्रे निघाली. कारागिराला हमीचे गिऱ्हाईक मिळाले, परंतु गिऱ्हाइकाशी बोलणे बंद झाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाने वेगळीच वाट काढली. तेथे लाटणारी बाई दुकानात उभी राहत नाही, तथापि संस्थेची सहमालक असते. सावंतवाडीत १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफा व लाखकामाला पुन्हा आश्रय दिला. वाळ्याच्या पंख्यांच्या वाट्याला तसा आश्रय आला नाही.

१९९४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘दिल्ली हाट’ने कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने गाळे देण्याची पद्धत रूढ केली. १९९९ च्या एप्रिलमध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि बचत गटांच्या ‘सरस’ प्रदर्शनांचे जाळे पसरले. महाराष्ट्रात १९७५ पासून कार्यरत असलेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामुळे गटांची पायाभरणी आधीच झाली होती. वस्तू बनविणारी स्त्री गल्ल्यामागे स्वतः उभी राहिली, हे जत्रेनंतर प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडले. कालच्या गिऱ्हाइकाने आज पुन्हा येऊन काय म्हटले, कोणता रंग उचलला गेला, हे ज्ञान तिला मधल्या व्यापाऱ्याकडून कधीच मिळाले नसते.

भद्रवाहचे लॅव्हेंडर आणि आपली दालने

लॅव्हेंडरची कथा आता हिंदुस्थानच्या भूमीवर आली आहे. जम्मू-काश्मीरमधील दोडा जिल्ह्याच्या भद्रवाह भागात, जेथे पूर्वी मुख्यतः मका पिके, तेथे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने अरोमा मिशनमधून रोपे व अर्क काढण्याच्या भट्ट्या पुरविल्या. २६ मे २०२२ रोजी भद्रवाहला लॅव्हेंडर महोत्सव सुरू झाला. शेतकऱ्याने केवळ तेल विकल्यास तो मिचमच्या वाटेने जातो : सुगंध त्याचा, नाव बाटली भरणाऱ्याचे. साबण, धूप, फुलांच्या पुरचुंड्या असा तयार माल स्वतः विकल्यास मधला वाटा त्याच्याकडे राहतो. म्हणून महोत्सवाच्या मांडवाला तेथे पिकाइतकेच महत्त्व आहे.

महाराष्ट्रातील दालनांत दिसणारे लॅव्हेंडर बहुधा बाहेरून आणलेले असते, कारण ते पीक आपल्या हवामानाचे नाही. फुले वा अर्क विकत आणायचा, पिशवी शिवायची, भरायची, चिठ्ठी लावायची, एवढे काम गटातील स्त्रीचे. कच्चा माल, बांधणी, प्रवास, मुक्काम यांचा खर्च गट वहीत मांडतो. शिवणीचे तास, गल्ल्यामागे उभे राहण्याचे दिवस आणि त्या दिवसांत घरी बुडालेली मजुरी सहसा वहीत येत नाही. शेजारच्या दालनात तीच पिशवी दहा रुपयांनी स्वस्त असल्यास किंमत कमी होते, आणि ती या न मांडलेल्या तासांतूनच कमी होते. चरखा संघाने १९३५ साली सूत कातणारीच्या बाबतीत लावलेला हिशेब गटांच्या प्रशिक्षणात शिकविता येण्याजोगा आहे. त्यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही, वहीत एक रकाना वाढवावा लागेल.

नावाच्या प्रश्नावर कायद्याने काही वाट काढली आहे. १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. वारली चित्रकलेची नोंदणी २०१४ मध्ये झाली, कोल्हापुरी चपलेची २०१९ मध्ये. नंतरची नोंद महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील एका मोठ्या फॅशन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा गदारोळ झाला आणि कंपनीला त्यामागील भारतीय परंपरा मान्य करावी लागली. हे घडू शकले त्याला या नोंदीचा आधार होता. मात्र नोंद संस्थेच्या वा महामंडळाच्या नावे होते. प्रत्यक्ष उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःच्या नावाने वेगळी नोंदणी करावयाची असते, आणि तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. घरातील पुरुषाच्या नावाने अर्ज होतो, तेव्हा चपलेची वेणी घालणारी, कडा शिवणारी बाई पुन्हा ‘मदत’ करणारी ठरते. अर्जावर तिचे नाव स्वतंत्रपणे घालण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.